खंडेनवमीचं माप

“पायतान भाईरच काढा साहेब. आज शेडात देव बसल्यात.”

जोतिराम सुतार हसत म्हणाला. मी बूट काढायला वाकलो आणि पँटच्या खिशातला व्हर्नियर मांडीला टोचला. व्हर्नियर म्हणजे आम्हा ड्रॉइंगवाल्यांची मापपट्टी, केसाएवढा फरकसुद्धा दाखवणारी. मी तो रुमालात गुंडाळून आणला होता. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा होता, तो मात्र उघड दिसेल असा धरला होता.

“आलासा ते लई बरं केलं,” जोतिराम म्हणाला. “मला वाटलं, एवढ्या मोठ्या कंपनीतला माणूस, ह्यो कशाला येतोय आपल्याकडं?”

“अरे, सणाला यायला कंपनी कशाला मध्ये?” मी म्हणालो.

सत्त्याण्णव सालची ही खंडेनवमी. आजऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून जोतिरामची पत्र्याची शेड होती, मागे दोन खोल्यांचं घर. मी तेव्हा कोल्हापुरात, काजूच्या कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. कंपनी मोठी म्हणजे किती? सावंतवाडीपासून चंदगडपर्यंत कुठल्याही काजू कारखान्यात शिरा, बॉयलर आमचा, भट्टी आमची, बी फोडायचा कटर आमचा. दुसरं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. अशा कंपनीत काम करणाऱ्याच्या मानेत एक ताठा येतो. तो माझ्याही आला होता, खोटं कशाला बोलू.

आता हा कटर काय असतो ते सांगायला हवं. बाई स्टुलावर बसते, दोन पात्यांच्या मध्ये बी ठेवते, पायानं पायडल दाबते. पातं पुढे येतं, टरफल फुटतं, बाई आतला गर काढून घेते आणि दुसरी बी ठेवते. दिवसभर हेच. बी लहान असो नाहीतर मोठी, आमचं पातं तेवढंच पुढे यायचं. त्यामुळे मोठ्या बीतला गर चिरायचा, अख्ख्या गराचे तुकडे व्हायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि आम्हाला कधी बदलावंसं वाटलं नव्हतं. बदलायचं कशाला? घेणार दुसरं कुठून?

जोतिरामनं ते बदललं. पात्यामागे त्यानं एक स्प्रिंग बसवली. टरफल फुटलं की पातं जागच्या जागी थांबायचं, आणि पायडलवरचा पाय उचलायच्या आत झटक्यात मागे जायचं. गर अख्खा, आणि बाईचं बोट आत असलं तरी पातं तोवर लांब गेलेलं. दोन वर्षांपूर्वी तो हे मशिन पोत्यात बांधून एस.टी.नं आमच्या कंपनीत घेऊन आला होता. आमचे क्षीरसागर साहेब कारखान्याचे मुख्य. त्यांनी त्याला तास-दीड तास बाकावर बसवलं, मग मशिन दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “खेळणं चांगलं आहे. पोरं आहेत ना घरी?” मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो होतो, वाईट वाटलं म्हणून. पोतं एस.टी.च्या टपावर चढवायला हातही लावला होता. तेवढ्यावर तो मला आपला माणूस समजत होता.

आणि त्याच ओळखीवर मला पाठवलं होतं.

“हुपरीकर,” क्षीरसागर साहेब आठवड्यापूर्वी म्हणाले होते, “त्या सुताराची साठेक मशिनं लागलीत आजरा-चंदगडला. आपला कटर बायका नको म्हणायला लागल्यात. तू खंडेनवमीला जा त्याच्याकडे. त्या दिवशी कुणी कुणाला शेडमध्ये येऊ नको म्हणत नाही.”

खरंच म्हणत नाही. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन-पुसून मांडतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. जो येईल त्याला आत घेतात. नातेवाईक, शेजारी, धंद्यातला वैरीसुद्धा. एरवी जोतिराम ते मशिन पत्र्याच्या झाकणाखाली ठेवायचा आणि झाकणाला छोटं कुलूप असायचं. त्या दिवशी झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं.

“देवाला काय झाकून ठेवायचं?” तो म्हणाला.

पाटावर हातोडा, कानस, पाने, करवत, सगळं ओळीनं मांडलेलं. मध्ये ते मशिन. त्याला माळ, त्याच्यापुढे समई. जोतिरामची बायको शालन पदर खोचून लगबग करत होती. त्याची चुलत बहीण हौसाबाई मशिनच्या प्रत्येक चकतीवर कुंकवाचं बोट टेकवत होती. ती जवळच्याच काजू कारखान्यात बी फोडायला जायची.

“साहेब, तुमच्या कंपनीच्या कटरनं माझी नखं खाल्ली,” ती मला म्हणाली, “आन् ह्यानं वाढिवली. बघा, नेलपालिश लावलंय!” आणि तिनं दोन्ही हात माझ्या तोंडापुढे नाचवले. काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं आणि वर गुलाबी नखं.

“हौसाक्का, साहेबास्नी बसू तर दे,” शालन ओरडली.

“मी कुठं मांडीवर बसल्या त्यांच्या?”

सगळे हसले. मीही हसलो. आरती झाली. मग जोतिराम मला मशिन दाखवायला लागला. त्याला कोण आनंद झाला होता! माझ्यासारखा जाणणारा माणूस त्याच्या शेडात पहिल्यांदाच आला होता. स्प्रिंग कुठली, पोलाद कुठून आणलं, किती वेळा चुकलं, सगळं सांगत सुटला. हात मात्र लावत नव्हता, लांबूनच बोट दाखवत होता.

“चालवून दाखव की,” मी म्हणालो.

“आज न्हाई. आज हत्यार हातात घ्यायचं न्हाई. आज ह्यालाबी सुट्टी,” तो म्हणाला. “वरीसभर राबतंय, एक दिवस अंग ढिलं सोडू दे.”

मला ते नुसतं बोलणं वाटलं. सणाला माणसं असं बोलतातच.

“बसा, कडाकण्या आणतो,” म्हणून तो नवरात्रातल्या त्या कडक पुऱ्या आणायला घरात गेला. शालन आणि हौसाबाई आधीच गेल्या होत्या. शेडमध्ये मी एकटा. मी रुमाल सोडला. पात्याची जाडी, खाचेची लांबी, स्प्रिंगचा व्यास, स्प्रिंगची लांबी, नट किती आटे, म्हणजे किती फेरे, आत बसलाय ते. पंचवीस वर्षं तेच काम केलेलं. माप मला कागदावर लिहावं लागत नाही, डोक्यात बसतं. चकतीवरचं कुंकू व्हर्नियरच्या आड येत होतं, ते मी रुमालानं पुसलं. घरातून कडाकण्या मोडल्याचा आवाज येत होता आणि शालन म्हणत होती, “साहेबास्नी गुळाच्या द्या, साखरंच्या पाहुण्यांस्नी नको.”

तो परत आला तेव्हा मी समईत तेल घालत होतो.

निघताना शालननं कडाकण्यांचा डबा बांधून दिला. “वैनींस्नी द्या,” म्हणाली. मी डबा घेतला, आणि घाटातून जाताना एस.टी.त बसून त्याच डब्यावर वही ठेवून सगळं ड्रॉइंग काढलं.

पौषात आमचं नवं मॉडेल बाजारात आलं. मार्चपर्यंत, म्हणजे काजूचा हंगाम भरात येईपर्यंत, दोनशेवर मशिनं लागली. क्षीरसागर साहेबांनी सगळ्या विक्रेत्यांना आणि कारखानदारांना पत्र धाडलं: आजऱ्याच्या बाजूला आमच्या कटरची डुप्लिकेट मशिनं विकली जात आहेत, जे ती ठेवतील त्यांना आमच्या बॉयलरचे आणि भट्टीचे सुटे भाग मिळणार नाहीत. बॉयलर बंद पडला की कारखाना बंद. कोण ठेवील मग? जोतिरामची मशिनं एकेक करून त्याच्या शेडमध्ये परत यायला लागली. हौसाबाईच्या कारखान्यातलंही परत आलं, आणि त्याच्या जागी आमचं लागलं.

आणि मग बोटं जायला लागली.

पहिलं चंदगडला गेलं. वाटलं, बाईचं लक्ष नसेल. दुसरं सावंतवाडीजवळ. तिसरं बोट गेलं तेव्हा क्षीरसागर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे दोन इंजिनिअर शेजारी बसले होते आणि मधे मशिन उघडून ठेवलं होतं.

“पातं मागे जायला वेळ लावतंय,” एक इंजिनिअर म्हणाला. “नवं असताना ठीक. महिनाभर वापरलं की ढिलं पडतं. बाई बोट घालते तोवर पातं तिथंच.”

“का?” साहेबांनी विचारलं.

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं. “ड्रॉइंगप्रमाणेच आहे सगळं.”

“ड्रॉइंग तुझं आहे, हुपरीकर,” साहेब म्हणाले. आवाज चढवला नव्हता. “पोलिसांत गेलं कुणी, तर सहीपण तुझी आहे. दोन दिवसांत मला कारण पाहिजे.”

 पोरगी कॉलेजात, पोरगा दहावीला. त्या रात्री जेवलो नाही हे काही सांगण्यासारखं नाही. त्या तीन बायकाही जेवल्या नसतील, हे तेव्हा माझ्या मनात आलंसुद्धा नव्हतं, हे सांगण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी आजऱ्याला गेलो.

शेडमध्ये परत आलेली मशिनं गोणपाटाखाली रांगेत होती. जोतिराम लेथजवळ, म्हणजे पोलाद कातायच्या यंत्राजवळ, नुसता बसला होता. मला बघून उठला नाही. हौसाबाई दारातल्या पोत्यावर बसलेली. तिच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी होती. पहिलं बोट पेरापासून नव्हतं.

मला हे ठाऊक नव्हतं. तिसरं बोट कुणाचं, एवढं मी विचारलंच नव्हतं.

“बसा,” जोतिराम म्हणाला.

मी बसलो.  “मशिनचं... म्हणजे आमच्याकडे जरा...”

“पातं मागं जाईना. व्हय ना?”

“हो.”

“तुम्ही खंडेनवमीला मोजलंसा,” तो म्हणाला. “मला संध्याकाळीच कळलं हुतं. चकतीवरचं कुंकू पुसलेलं हुतं. हौसाक्का म्हणली, साहेबांनी पुसलं असंल, आमच्यात कुणी पुसत न्हाई.”

मी खाली मान घातली. 

“पण त्या दिवशी ते ढिलं हुतं, साहेब. आम्ही खंडेनवमीला मशिनचा ताण काढून ठेवतो. माझा बा लोहाराच्या भात्याचा दोरसुद्धा सोडायचा. मी नट अडीच आटे मागं घेतला हुता. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आलो की परत आवळायचा. तुम्ही निजलेल्या माणसाचं माप घेऊन गेलासा.”

अडीच आटे. एवढंच होतं. आमच्या दोन इंजिनिअरांना आणि मला जे सापडलं नाही, ते इतकंच होतं. नट अडीच आटे पुढे.

त्यानं ते मी मागायच्या आधीच सांगून टाकलं होतं, हे मला जरा उशिरा कळलं. शालनला लगेच कळलं. ती घरातून तरातरा बाहेर आली.

“सांगितलंसा? सगळं सांगून मोकळं झालासा?” ती जोतिरामवर कडाडली. “अवो, जाऊ द्या की त्यांची मशिनं खड्ड्यात! आज न्हाई उद्या लोक आपल्याकडंच आलं असतं.”

“आन् तवर?” जोतिराम म्हणाला. “दोनशे मशिनं हाईत, शालन. दोनशे बायका बसल्यात त्यावर. हौसाक्काचं एक गेलं, पुरं झालं.”

 शालननं माझ्याकडे बघितलं. मी त्या नजरेतून सुटण्यासाठीच बोललो, की खरंच मनापासून बोललो, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

“जोतिराम, मी तुझं काय करू सांग. काहीपण सांग.”

त्यानं लेथच्या कडेवर हात टेकला. मग म्हणाला, “मला तुमच्याकडनं काय नको. एकच करा. ते पत्र आलंय ना, माझं मशिन डुप्लिकेट हाय म्हणून? त्यापायी मला कुणी दारात उभं करीना. तुम्ही व्यापाऱ्यांसमोर एकदा म्हणा, हे मशिन आजऱ्याच्या जोतिराम सुतारानं काढलंय. तुमचं विका तुम्ही, खुशाल विका. माझंबी ऱ्हाऊ दे. नाव घेतलंसा तर माझी शेड चालंल. न्हाई घेतलंसा तर मला ही लेथ इकावी लागंल.”

“पुढच्या महिन्यात मेळावा आहे विक्रेत्यांचा,” मी म्हणालो. “कोल्हापुरात. मीच बोलणार आहे त्यात. तू ये. सगळ्यांसमोर नाव घेतो तुझं.”

“शपथ?”

“अंबाबाईची शपथ.”

हौसाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मीबी येणार. लई दिस झालं कोल्हापूर बघून.”

आठवड्याभरात आमच्या दोनशे मशिनांचे नट अडीच आटे पुढे गेले. बोटं जायची थांबली. क्षीरसागर साहेब इतके खूश झाले की मला वर्क्स मॅनेजर करायचं ठरलं, आणि मेळाव्यात ‘सुधारित मॉडेल’चा सत्कारही माझाच. मी त्यांना मेळाव्याच्या दोन दिवस आधी सांगितलं, अगदी धीर करून सांगितलं, की मी त्या सुताराचं नाव घेणार आहे.

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. “घे की,” म्हणाले. “मोठेपणा आहे. फक्त मग ड्रॉइंग कसं मिळालं तेही सांग. कारण कुणीतरी विचारणारच ना, हुपरीकर. त्याचं मशिन, तर कागदावर सही तुझी कशी?”

मी केबिनबाहेर आलो. सगळं माझ्यावर सोडलं होतं त्यांनी. मला कुणी अडवलं नव्हतं, धमकी दिली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो, वरून दबाव होता.

मेळावा स्टेशन रोडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता, सकाळी अकराला. दीडशे-दोनशे माणसं. विक्रेते, काजूचे कारखानदार. मी व्यासपीठावर, गळ्यात हार, समोर माईक. बघतो तर तिसऱ्या रांगेत कडेला जोतिराम. पांढरा इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कोरी टोपी. शेजारी हौसाबाई, जरीकाठाचं लुगडं नेसून, उजवा हात पदराखाली झाकून. शालन आली नव्हती.

त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

मी बोलायला सुरुवात केली. आमची कंपनी, आमची परंपरा, अख्खा गर, सुरक्षित पातं. मनात एक वाक्य तयार होतं. घरी आरशापुढे चार वेळा म्हणून बघितलेलं: ‘ही कल्पना मुळात आमची नाही.’ म्हणायचंच होतं. दर वाक्याला वाटायचं, आता, ह्याच्यानंतर. दर वाक्याला मी एक वाक्य पुढे ढकलत होतो.

तेवढ्यात गडहिंग्लजचे एक विक्रेते उठले. वयस्कर, सरळ गृहस्थ. “हुपरीकर साहेब, एक शंका आहे. आमच्याकडे त्या आजऱ्याच्या सुताराचंपण असंच मशिन होतं. पत्र आलं म्हणून परत केलं. पण खरं सांगू का, मशिन चांगलं होतं. मग ते डुप्लिकेट आहे की काय? आणि हंगामात बायकांची बोटं गेली म्हणतात, ती कुठल्या मशिनवर?”

 माझ्या सत्काराचा नारळ मांडीवर होता, तो मी खाली ठेवला. समोर जोतिराम पुढे सरकून बसला होता. त्याला वाटत असणार, आता.

मलाही वाटलं, आता. तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेतल्या क्षीरसागर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, सगळे बघत होते तसंच.

“डुप्लिकेटच आहे,” मी म्हणालो. “आणि बोटं गेली ती त्याच मशिनांवर. म्हणूनच सांगतो, आमचंच घ्या.”

हे मी बोललो. मुद्दाम ठरवून नाही. नाव न घेता गप्प राहणं एवढंच माझ्या मनात होतं, त्यापेक्षा वाईट काही करायचं नव्हतं. पण माणूस घसरायला लागला की मध्ये पायरी लागत नाही, तो पार तळालाच जातो. मी त्याच्या मशिनवर बोटं तोडल्याचा आळ घातला. त्याच्या तोंडावर.

गडहिंग्लजचे गृहस्थ “बरं बरं, कळलं” म्हणून खाली बसले.

हौसाबाई उभी राहिली. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि वर धरला. नखांचं गुलाबी पालिश उडालेलं, पहिलं बोट अर्धं. “अवो साहेब,” ती म्हणाली, “माझं बोट तुमच्या मशिनवर गेलंय. ह्याच्या न्हाई. तुमच्या. सांगा की तुम्ही. तुम्हाला ठाऊक हाय.”

काही माणसं वळून बघायला लागली. मागून कुणीतरी हसलं. हॉटेलचा एक वाढपी लगबगीनं तिच्याजवळ आला आणि म्हणाला, “मावशी, जेवण खाली आहे, चला.” त्याला वाटलं, कुणी भलतीच बाई आत शिरली. ती माझ्याकडेच बघत राहिली. मी माईकवर म्हणालो, “पुढचा प्रश्न?”

जोतिराम उठला. मला वाटलं, तो ओरडेल, शिव्या घालेल, चप्पल भिरकावेल. मला ते हवंच होतं. त्यानं हौसाबाईचा हात खाली घेतला, तिचा पदर नीट केला, आणि दोघं कडेच्या रांगेतून बाहेर गेले. दारापाशी त्याला हॉलमधून बाहेर पडणाऱ्या दोघांना वाट द्यावी लागली. त्यांना त्यानं ‘जावा की’ म्हणून आधी जाऊ दिलं.

जेवणाची वेळ झाली. पान खातो म्हणून मी मागच्या जिन्यानं खाली उतरलो. तर जिन्याच्या पायथ्याशी, उन्हात, ते दोघं आजऱ्याच्या गाडीची वाट बघत उभे होते. स्टँड समोरच होता. माघारी वळायला वेळ नव्हता.

“जोतिराम,” मी म्हणालो.  “जोतिराम, मला... मला तिथं सुचलंच नाही रे. मी पत्र काढायला लावतो. लेखी देतो.”

“नको,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. “एक सांगायचं ऱ्हायलं हुतं तुम्हाला. अडीच आटे बरोबर हाय, पण काजूचा चीक स्प्रिंगला बसतो. महिन्याभरात परत ढिली पडती. दर पंधरवड्याला रॉकेलनं धुवायची आन् अर्धा आटा आवळायची. ते तुमच्या माणसांस्नी सांगा. न्हाईतर पुढच्या हंगामात परत बोटं जातील.”

समोर स्टँडवर गाडी लागली. हौसाबाई माझ्याकडे न बघता चढली. तो तिच्या मागून चढला.

पुढच्या दसऱ्याच्या आतच त्यानं लेथ विकली. नंतर कळलं, वास्कोला कुठल्याशा कारखान्यात तो फिटर म्हणून लागलाय, शालनही तिकडेच गेलीय. मी कधी गेलो नाही. पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. मी वर्क्स मॅनेजर झालो, पुढे त्याच्याही वर गेलो, मानानं निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सगळे त्या कटरबद्दलच बोलले.

त्या मशिनबरोबर एक छोटं माहितीपुस्तक देतात. अजूनही देतात, आता रंगीत छापतात. पहिल्या पानावर चौकटीत मोठ्या अक्षरात सूचना आहे: स्प्रिंग दर पंधरा दिवसांनी रॉकेलने धुवावी व अर्धा आटा आवळावी, अन्यथा बोटास इजा होऊ शकते. ती मी मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहून दिली. तिच्याखाली नाव माझं आहे.